३३० एलआय की एम ३४० आय? थ्री सिरीज घेताना कुठलं व्हर्जन घ्यावं, माझा अनुभव

२०२३ च्या दसऱ्याला बीएमडब्ल्यू थ्री सिरीज घरी आली, आता बऱ्यापैकी किलोमीटर झालेत, आणि ओळखीतलं कुणी ह्या गाडीच्या विचारात असलं की फोन मलाच येतो, कारण मी घेताना जवळजवळ चार महिने घोळ घातला होता. प्रश्न सगळ्यांचा एकच. गाडी ठरलीये, पण व्हर्जन कुठलं? म्हणलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

मी बघत होतो तेव्हा तीन पर्याय होते. लांब व्हीलबेसवाली (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली) ग्रॅन लिमोझिन, त्यात पेट्रोल ३३० एलआय आणि डिझेल ३२० एलडी, दोन्ही एम स्पोर्ट ट्रिममध्येच, आणि तिसरी एम ३४० आय, जी नेहमीच्या लांबीची आहे. तेव्हाच्या एक्स शोरूम किमती सांगतो, ३३० एलआय ५७.९० लाख, ३२० एलडी ५९.५० लाख आणि एम ३४० आय ६९.२० लाख. त्यानंतर किमती बदलल्यात, मधे एम स्पोर्ट प्रो एडिशन आली, जीएसटीचे दर बदलले, त्यामुळे आजचा भाव शोरूममधूनच घ्या, पण निवड करायची पद्धत तीच राहते.

आधी नावांचा गोंधळ सोडवू, कारण इथेच बरेच जण फसतात. मागे ३३० लिहिलंय म्हणून तीन लिटरचं इंजिन असं नाही. जुन्या ३३० मध्ये खरंच तीन लिटरचं सहा सिलिंडर असायचं, आताच्या ३३० मध्ये दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो आहे, २५८ एचपी ताकद आणि ४०० एनएम टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. एल म्हणजे लांब, एलडी मधला डी म्हणजे डिझेल. आणि "एम स्पोर्ट" म्हणजे एम नाही! एम स्पोर्ट हे ट्रिम आहे, म्हणजे बंपर वेगळे, स्टिअरिंग जाडसर, इकडेतिकडे एमचे लोगो, इंजिन तेच. एम ३४० आय ही एम परफॉर्मन्स, म्हणजे मधली पायरी, तिच्यात इंजिन, डिफरन्शियल (डाव्या उजव्या चाकाला ताकद वाटून देणारा भाग), ब्रेक हे खरोखर वेगळं मिळतं. आणि त्याच्याही वर एम ३, एम ४ ह्या पूर्ण एम गाड्या. शोरूममध्ये मात्र हे सगळं एकाच दमात "सर एम आहे सर" असं सांगून टाकतात. ब्रोशर घरी घेऊन या, शांतपणे चहा पीत वाचा, मग फरक कळतो.

डिझेलचं पटकन सांगतो. ३२० एलडी वाईट अजिबात नाही, १९० एचपी, ४०० एनएम, हायवेला मस्त पळते आणि डिझेल कमी पिते. पण आपल्या महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के, म्हणजे एक तर गाडीच महाग आणि वर टॅक्स जास्त, दोन्ही मिळून मला तेव्हा साधारण तीन लाखांचा फरक पडत होता. माझं रनिंग वर्षाला दहा हजार, फार तर बारा हजार. तेवढ्यात हे तीन लाख कुठून वसूल होणार. ज्यांना आठवड्याला पुणे नागपूर करायचंय त्यांनी विचार करावा, बाकीच्यांनी नाही.

आता खरी लढाई.

एम ३४० आय ची टेस्ट ड्राइव्ह मी रविवारी सकाळी सात वाजता मागून घेतली, रस्ते मोकळे असतात म्हणून. बाणेरहून निघालो, चांदणी चौकातून मुळशीच्या रस्त्याला लागलो आणि भूगाव मागे टाकल्यावर जरा मोकळा पट्टा मिळाला. तीन लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत, ३७४ एचपी, ५०० एनएम, चारही चाकांना ड्राइव्ह, शून्य ते शंभर ४.४ सेकंद. हे आकडे मला पाठ होते हो, पण पायाला ते कसे लागतात हे माहीत नव्हतं. तुम्ही एक्सलरेटर दाबता आणि गाडी झटका देत नाही, ती एकसारखी ताणत जाते, दुधाला उकळी येताना कशी ती साय एकदम वर वर येते तसं, थांबतच नाही, आणि त्या सहा सिलिंडरचा आवाज, त्यात घरघर नाही, एक सूर आहे जो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जातो. वळणावर मागचं डिफरन्शियल बाहेरच्या चाकाला जोर देतं आणि गाडी बाहेर जायच्या ऐवजी आत वळते, हे मी पहिल्यांदाच अनुभवलं. परत आलो तेव्हा हाताला घाम होता आणि मी मनातल्या मनात बुकिंग करून टाकलं होतं.

मग संध्याकाळी आईला घेऊन गेलो.

आई चौऱ्याहत्तरची, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आमच्याकडे गाडीत आई मागे डावीकडे बसते, शेजारी मुलगी, पुढे बायको, आणि वर्षातले नव्वद टक्के प्रवास असेच, चौघांचे. एम ३४० आय चा मागचा दरवाजा उघडला, आईने आधी हात कुठे धरायचा ते बघितलं, मग पाठमोरी होऊन बसली आणि पाय आत घेताना तो उजवा पाय दरवाजाच्या कडेला अडकला. हाताने उचलून आत घ्यावा लागला. बसल्यावर म्हणाली, "ठीक आहे रे, जवळच्या जवळ जायला चालेल." आई चालेल म्हणाली की चालणार नाही, हे मला माहितीये. मग शेजारीच उभ्या ग्रॅन लिमोझिनमध्ये बसवलं. तिचा व्हीलबेस २९६१ मिलिमीटर, साध्या थ्री सिरीजचा २८५१, म्हणजे ११० मिलिमीटर जास्त, अकरा सेंटिमीटर म्हणा ना, आणि ह्याचा फायदा मागच्या सीटच्या वाट्याला आलाय, मागचा दरवाजाही लांब. आईचा पाय सरळ आत गेला. सीटची गादीही जरा मऊ आहे, डोकं टेकवायला आधार चांगला, वर मोठं काचेचं छत. आईने पर्स मांडीवर ठेवली आणि विचारलं, "ह्याच्यात महाबळेश्वरला जाता येईल का?"

एवढं सांगूनही मी आठ दिवस झोपलो नाही नीट, कारण मुळशीच्या रस्त्यावरचा तो आवाज डोक्यातून जात नव्हता. मग कागद घेऊन बसलो. दोन्हीतला ऑनरोड फरक टॅक्स इन्शुरन्स धरून तेरा लाखांच्या आसपास जात होता. तेरा लाखात एक अख्खी चांगली हॅचबॅक येते. एक्सप्रेसवेला कारची मर्यादा १०० आहे, घाटात त्याहून कमी, समृद्धीवर १२० आणि कॅमेरे सगळीकडे. ३३० एलआय शून्य ते शंभर ६.२ सेकंदात जाते, आणि खरं सांगतो, टोलनाक्यावरून सुटल्यावर ६.२ सुद्धा एवढं असतं की मागे बसलेला माणूस बोलायचा थांबतो. मग स्वतःला विचारलं की ४.४ आणि ६.२ मधला फरक मला वर्षातून किती दिवस मिळणार? माझं उत्तर आलं, एकट्याने पहाटे ताम्हिणीला गेलो तर, म्हणजे पाच सहा दिवस. आणि आईचा पाय अडकणार रोज.

३३० एलआय एम स्पोर्ट घेतली.

आता हिचं बरंवाईट. गिअरबॉक्स आठ स्पीडचा ऑटोमॅटिक, हा तिन्ही गाड्यांत आहे आणि काय सुंदर काम करतो, गिअर कधी बदलला ते कळतही नाही. लांब केली तरी चालवायला ती थ्री सिरीजच आहे, मागच्या चाकांना ड्राइव्ह असल्यामुळे स्टिअरिंग हातात हलकं आणि स्वच्छ वाटतं. खंबाटकीत किंवा पसरणीच्या वळणांवर कळतं मात्र की सस्पेन्शन आरामासाठी बसवलंय, पटापट दोन वळणं उलटसुलट आली की गाडीचं वजन एका बाजूहून दुसरीकडे जायला एक क्षण घेते, आणि मोठा उंचवटा वेगात गेला तर मागचा भाग एकदा वर खाली होतो. एम ३४० आय हे एका फटक्यात पचवते. आवाजाच्या बाबतीत तर तुलनाच नको, चार सिलिंडर ते चार सिलिंडर. शहरात मला आठ साडेआठचं अॅव्हरेज मिळतं, हायवेला १०० च्या आत ठेवली की १४ पर्यंत.

लांब गाडीची दोन दुखणी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. एक, स्पीडब्रेकर. पुढचं आणि मागचं चाक एकमेकांपासून लांब, म्हणजे मधलं पोट उंच ब्रेकरवर टेकायची शक्यता जास्त. आमच्या सोसायटीच्या गेटवरचा ब्रेकर तर डोंगरच आहे, तिथे चौघं बसलेले असताना सरळ घातली की खालून खर्रकन आवाज येतो. तिरकी घालायची, एक चाक आधी चढवायचं, मग दुसरं, आता वॉचमनकाका लांबून गाडी दिसली की दुसरं फाटकही उघडून ठेवतात. दुसरं दुखणं म्हणजे तोच लांब दरवाजा, ज्याच्यामुळे गाडी घेतली. पार्किंगमध्ये खांब असेल तर मागचं दार पूर्ण उघडत नाही. मी आईला बाहेरच उतरवतो आणि मग गाडी लावतो. तुमचं पार्किंग दोन खांबांच्या मधे असेल तर टेप घेऊन मोजा, चेष्टा नाही करत, बुकिंगच्या आधी मोजा.

आणि थ्री सिरीजच्या ह्या फेसलिफ्टपासून, म्हणजे कंपनीने गाडीचं रूप बदललं तेव्हापासून, एसीची बटणं काढून सगळं त्या मोठ्या वळणदार स्क्रीनमध्ये घातलंय. स्क्रीन दिसायला देखणी, पण एसीचं काही बदलायचं तर रस्त्यावरून नजर काढावी लागते. मला ते पटलेलं नाही. तिन्ही व्हर्जनमध्ये सारखंच आहे त्यामुळे निवडीत फरक पडत नाही.

टायरचं मात्र लक्षात ठेवा. रनफ्लॅट आहेत, म्हणजे हवा पूर्ण गेली तरी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जाता येतं. मला ह्याचा उपयोग झालाय. साताऱ्याहून येताना रात्री पावसात शिरवळच्या जवळ खड्ड्यात पुढचं चाक आपटलं, दोन मिनिटांत प्रेशरची वॉर्निंग आली, बायको मुलगी आई सगळे गाडीत, पाऊस धो धो. उतरलोच नाही, साठच्या वेगाने पुण्यापर्यंत आलो. दुसऱ्या दिवशी टायर बदलावा लागला आणि बिल बघून वाईट वाटलं, पण त्या रात्री हायवेच्या कडेला अंधारात आईला उभं करावं लागलं नाही ह्याची किंमत मी टायरच्या बिलाशी करत नाही. बाकी ह्या टायरच्या भिंती कडक असतात, त्यामुळे छोटे खड्डे ठकठक जाणवतात.

खरेदीचा अनुभव संमिश्र. एका डीलरने (नाव घेत नाही) मला दोन आठवडे सांगितलं की काळी गाडीच मिळेल, बाकी रंगाला चार महिने. मला निळी हवी होती. दुसऱ्या शहरातल्या डीलरला फोन केला तर निळी बाराव्या दिवशी मिळाली. इन्शुरन्सचाही तोच प्रकार, शोरूममधलं कोटेशन आणि मी बाहेरून काढलेलं, कव्हर तेच, टायर कव्हरसकट, फरक पन्नास हजारांच्या वर. मी बाहेरचा कागद समोर ठेवल्यावर अर्ध्या तासात त्यांचाही आकडा खाली आला. तेव्हा घाई करू नका आणि कोटेशन लेखी घ्या. गाडी कंपनीच्या नावावर घेणार असाल तर रोड टॅक्स आणखी जास्त लागतो, तो आकडा पहिल्याच दिवशी विचारा.

मग एम ३४० आय कुणी घ्यावी? नाशिकच्या माझ्या मित्राने घेतली आणि त्याचं अगदी बरोबर आहे. घरी नवरा बायको दोघंच, दुसरी मोठी गाडी दारात आहे, आणि तो दर पंधरा दिवसांनी पहाटे उठून कसारा घाटात जाऊन परत येतो, फक्त चालवायला. मागची सीट त्याच्याकडे जॅकेट ठेवायला लागते. ह्या पैशात सहा सिलिंडरचं असलं इंजिन, रोजच्या वापराला चालेल अशा गाडीत, मला तरी दुसरं सापडलं नाही, आणि ज्याला ते खरंच वापरायचंय त्याने तेरा लाख वाचवायला म्हणून ३३० एलआय घेऊ नये, तो रोज हळहळेल.

गेल्या दिवाळीत इगतपुरीला भेटलो तेव्हा तासभर गाड्या बदलल्या. मी त्याची घेऊन घाटात खाली उतरलो आणि वर आलो, काचा खाली, थंडी होती, तो आवाज डोंगरावर आपटून परत येत होता. तो माझी घेऊन गेला होता, मागे आई आणि मुलगी. परत आल्यावर म्हणाला, "गाडी बरी आहे रे, पण काकूंनी पूर्ण रस्ताभर मला गोष्टी सांगितल्या, चालवण्याकडे लक्षच नव्हतं." आई तोपर्यंत चहाच्या टपरीवर पोचली होती, स्वतःची स्वतः उतरून.