समन्स बजावणी, नाशिक: बेलीफ की पोस्ट?

दिवाणी दाव्याचं समन्स वादीने परस्पर नेऊन दिलं तर ती बजावणी, म्हणजे कायद्याने ग्राह्य पोहोचवणी, नव्हे. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम ९-अ खाली कोर्टाची परवानगी लागते. एरवी काम बेलीफाचं (समन्स पोहोचवणारा कोर्टाचा कर्मचारी), पोस्टाचं किंवा कोर्टाने मान्य केलेल्या कुरियरचं.

आमची पसंती बेलीफालाच. बेलीफाचा भत्ता वेळेत भरा, वादपत्राची (दाव्याच्या लेखी अर्जाची) प्रत जोडा आणि पत्ता नीट लिहा. नुसतं 'सिडको, नाशिक' लिहिलं की समन्स हमखास परत! स्कीम, चौक, घर नंबर, जवळची खूण हवीच. घर दाखवायला माणूस सोबत दिला तर उत्तम.

प्रतिवादी घरी नसेल, लवकर भेटण्याची शक्यता नसेल, तर घरातल्या सज्ञान व्यक्तीला देता येतं, स्त्री असो वा पुरुष. नोकराला मात्र नाही. इथेच बऱ्याच बजावण्या फसतात. समन्स दारावर चिकटवलं असेल तर बेलीफाच्या अहवालात वेळ, कारण, घर ओळखवणाऱ्याचं नाव-पत्ता आहे का, हे तारखेआधी तपासा. अहवाल मोघम असेल तर एकतर्फी हुकूम (प्रतिवादी गैरहजर असताना झालेला) पुढे रद्द होऊ शकतो.

पोस्टाची पोच ३० दिवसांत आली नाही, तरी पत्ता बरोबर असल्यास कोर्ट बजावणी झाल्याचं धरतं. पावती जपून ठेवा.