परदेशातून आणलेला अनलॉक्ड फोन आणि स्थानिक नेटवर्क: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या मावसभावाने अमेरिकेतून परतताना माझ्यासाठी मध्यम श्रेणीचा एक अँड्रॉइड फोन आणला, त्याला आता आठ महिने झाले. फोन अनलॉक्ड होता. मी माझे सिम घातले, अर्ध्या मिनिटात वर ४जी उमटले, इंटरनेट चालू झाले, आईला फोन लावला तो लगेच लागला, आणि हा फोन इथे चालतो असे मी त्याच दिवशी ठरवून टाकले. तो निष्कर्ष चुकीचा होता, आणि तो किती चुकीचा होता हे कळायला मला पाच महिने लागले. कॅमेरा, पडदा आणि वेग यांविषयी इतरत्र पुष्कळ वाचायला मिळते, म्हणून मी इथे फक्त नेटवर्कविषयी लिहिते आहे. परदेशी फोन घेणाऱ्याची खरी अडचण तिथेच होते आणि ती पहिल्या दिवशी दिसत नाही.

सुरुवात अनलॉक्ड या शब्दापासूनच करायला हवी. या शब्दाने परवानगी कळते, क्षमता कळत नाही. फोन विकणाऱ्या कंपनीने तो स्वतःच्या सिमपुरता बांधून ठेवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. कॅनडात डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून मोबाइल कंपन्यांना बांधलेले फोन विकण्यास मनाई आहे, त्यामुळे तिथून आणलेल्या नव्या फोनबाबत हा प्रश्न सहसा येत नाही. अमेरिकेत मात्र हप्त्यांवर घेतलेला फोन बहुधा पैसे फिटेपर्यंत बांधलेलाच राहतो. आयफोन असेल तर सेटिंगमधील फोनच्या माहितीच्या पानावर सिमवर कोणतेही निर्बंध नाहीत असे लिहिलेले दिसते. अँड्रॉइडवर दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहणे हीच खात्रीची कसोटी. काही विक्रेते बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, अनलॉक केलेल्या फोनलाही अनलॉक्ड म्हणतात. त्याचा सिमशी काहीही संबंध नाही, तेव्हा विचारून घ्यावे. माझ्या फोनला यातली कोणतीच अडचण नव्हती, आणि तरीही तो इथल्या नेटवर्कवर अर्धाच चालत होता.

पहिली खूण दुसऱ्याच आठवड्यात दिसली होती. आमच्या कार्यालयाचे दप्तर तळघरात आहे आणि मला तिथे रोज तासभर तरी बसावे लागते. जुन्या फोनला तिथे रेंज असायची, नव्याला नसायची. जाड भिंती, खालचा मजला, असे म्हणून मी सोडून दिले. एके दिवशी घरी पडून असलेला जुना फोन मी मुद्दाम बरोबर नेला, त्यात त्याच कंपनीचे दुसरे सिम घातले आणि दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवून *#*#४६३६#*#* हा क्रमांक दाबला. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनवर त्याने चाचणीचे पान उघडते आणि रेंज किती आहे ते डीबीएम या मापात दिसते. हा आकडा ऋण असतो आणि शून्यापासून जितका दूर जाईल तितकी रेंज क्षीण. उणे ८५ उत्तम, उणे ११० कमकुवत, उणे १२० म्हणजे जवळपास काहीच नाही. जुन्या फोनवर उणे १०२ होते आणि ४जी स्थिर होते. नव्यावर उणे १२१ दिसले, मग आकडाच नाहीसा झाला, आणि काही सेकंदांनी फोन पुन्हा शोध घेऊ लागला. टेबल एक, कंपनी एक, आणि दोन फोनांमधले अंतर वीतभरही नाही. दोष भिंतींचा नव्हता.

कारण बँडमध्ये होते. मोबाइल नेटवर्क एकाच लहरीवर चालत नाही. प्रत्येक कंपनीकडे वेगवेगळ्या वारंवारितांचे काही पट्टे असतात आणि त्यांना ठरावीक क्रमांक दिलेले असतात. ४जी चा बँड ३ म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, १ म्हणजे २१००, ७ म्हणजे २६००, आणि २०, २८, ५ व ८ हे अनुक्रमे ८००, ७००, ८५० व ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे. कमी वारंवारितेची लहर दूरवर जाते आणि भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरते. जास्त वारंवारितेवर वेग अधिक मिळू शकतो, पण पोच कमी. म्हणून कंपन्या गजबजलेल्या भागात वरचे बँड वापरतात, आणि तळघरे, जिने, गावाबाहेरचे रस्ते अशी ठिकाणे खालच्या बँडवर सोपवतात. माझ्या तेव्हाच्या कंपनीकडे १, ३ आणि ७ होते, आणि खालचा बँड एकच होता, तो २८. माझ्या फोनमध्ये १, ३ आणि ७ होते, अमेरिकेत लागणारे २, ४, ५, १२, १३, ६६ आणि ७१ सुद्धा होते, फक्त २८ नव्हता. घरी आणि रस्त्यावर सगळे सुरळीत चालायचे, कारण तिथे वरचे बँड पोचत होते. खालच्या बँडची गरज जिथे लागे तिथे या फोनच्या लेखी नेटवर्क अस्तित्वातच नव्हते. बॅटरीचाही उलगडा झाला: रेंज क्षीण असली की फोन अधिक शक्ती लावून टॉवरपर्यंत पोचण्याची धडपड करतो, आणि कार्यालयाच्या दिवशी माझी बॅटरी सुटीच्या दिवसापेक्षा दोन तास आधी संपत असे.

हे आधी कळले असते का? कळले असते, पण फोनच्या नावावरून नव्हे. एकाच नावाचा फोन अमेरिका, युरोप, जपान आणि चीनसाठी वेगवेगळ्या रूपांत निघतो आणि त्या रूपांमधील बँड सारखे नसतात. बाहेरून ते हुबेहूब सारखे दिसतात. फरक असतो तो फक्त मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या एकदोन अक्षरांत किंवा अंकांत. हा क्रमांक खोक्यावर असतो आणि सेटिंगमध्येही सापडतो. त्यावरून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची बँडची यादी काढावी आणि ती आपल्या नेटवर्कच्या यादीशी एकेक क्रमांक जुळवून पाहावी. अमेरिकेतील फोनांचे चाचणी अहवाल तिथल्या एफसीसी या नियामक संस्थेकडे सर्वांसाठी खुले असतात, आणि मी ते बराच वेळ चाळत बसले होते. परंतु त्यांत प्रामुख्याने तिथे वापरात असलेल्या बँडचीच चाचणी असते, त्यामुळे आपला बँड त्यात नाही म्हणजे तो फोनमध्येही नाही, असा अर्थ काढता येत नाही.

बँडची उणीव मी सोसली असती. तळघरातला एक तास फोनविना जाऊ शकतो. सहाव्या महिन्यात जे झाले ते मात्र सोसण्यासारखे नव्हते.

त्या सुमारास कंपनीकडून ३जी सेवा बंद होत असल्याचे संदेश येऊ लागले. माझा फोन ४जी आणि ५जी चा, तेव्हा हे संदेश माझ्यासाठी नाहीत असे समजून मी ते पुसून टाकले. ठरलेल्या तारखेला ३जी बंद झाले. २जी तर त्याआधीच गेले होते. दुसऱ्या दिवशी रात्री आईचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, “अगं, तुझा फोन कालपासून बंद का लागतोय?” मी फोनकडे पाहिले. ४जी होते, रेंज पूर्ण होती, संदेश येत होते, चित्रफिती चालत होत्या. मी आईला साधा फोन लावला तर तो लागेना, आणि तिने मला लावला तर फोन संपर्क क्षेत्राबाहेर आहे असे तिला ऐकू येई. वडिलांच्या तपासणीचा अहवाल सांगण्यासाठी प्रयोगशाळेतून त्या दोन दिवसांत मला दोनदा फोन येऊन गेले होते, आणि माझ्याकडे त्यांची साधी नोंदही नव्हती, कारण न पोचलेला कॉल मिस्ड कॉल म्हणूनही दिसत नाही. ते आठवले की मला अजूनही अस्वस्थ वाटते.

ग्राहक सेवेतील पहिल्या व्यक्तीने फोन बंद करून चालू करायला सांगितले, दुसऱ्याने सिम बदलून दिले, आणि तिसऱ्या व्यक्तीने अखेर योग्य प्रश्न विचारला: मॉडेल क्रमांक काय? तो सांगताच उत्तर मिळाले की या मॉडेलला आमच्या नेटवर्कवर व्होल्टी दिलेले नाही.

४जी हे मुळात डेटासाठी बांधलेले जाळे आहे. त्यावरून आवाज नेण्याची सोय निराळी करावी लागते आणि तिला व्होल्टी म्हणतात. ही सोय नसेल तर कॉल येताच फोन ४जी सोडून ३जी किंवा २जी वर उतरतो, तिथे बोलणे होते, आणि नंतर तो परत वर येतो. माझा फोन पाच महिने नेमके हेच करत होता. कॉल सुरू झाला की वरचे ४जी हे चिन्ह जाऊन तिथे एच, म्हणजे ३जी चे चिन्ह, यायचा. मी ते अनेकदा पाहिले होते, कॉल चालू असताना नकाशा उघडत नाही म्हणून चिडलेही होते, पण त्याचा अर्थ मला कधी लागला नाही. उतरायची पायरीच काढून टाकल्यावर कॉलला जायला जागा उरली नाही. व्होल्टीचे तंत्र फोनमध्ये असते, परंतु प्रत्येक कंपनीसाठी त्याची मांडणी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते, आणि शिवाय कंपनीनेही ते मॉडेल स्वीकारावे लागते. माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये ४जी कॉलिंगचे बटण या सिमबरोबर दिसतच नव्हते. वायफायवरून कॉल करण्याची सोयही याच यंत्रणेवर उभी असल्याने तीही मिळाली नाही.

हे संकट एकट्या माझ्या फोनचे नाही. अमेरिकेत एटी अँड टी ने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केले, तेव्हा चालणाऱ्या फोनांची यादी मॉडेल क्रमांकांसह आधी जाहीर केली होती. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून ३जी बंद करायला घेतले, आणि जे फोन ४जी वरून ००० हा आपत्कालीन क्रमांक लावू शकत नाहीत त्यांना सेवाच देऊ नये असा नियम तिथे झाला. परदेशात घेतलेले कितीतरी फोन त्यात अडकले. भारतात जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले तेच ४जी वर, खाली २जी किंवा ३जी नसताना, त्यामुळे तिथे व्होल्टी नसलेल्या फोनचा साधा कॉल पहिल्या दिवसापासूनच लागत नव्हता. एका अर्थाने ती स्थिती बरी, कारण फसगत लगेच कळते. आपत्कालीन क्रमांकाचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. डेटा पूर्ण असलेला फोन हातात असताना रुग्णवाहिकेला फोन लागू नये, ही कल्पना करून पाहावी.

म्हणून माझा आग्रह असा की परदेशी फोन हातात आल्यावर इंटरनेट चालते का हे पाहण्याआधी कॉल लावावा, आणि कॉल चालू असताना वरचे ४जी किंवा ५जी हे चिन्ह टिकते का ते पाहावे. टिकले तर व्होल्टी आहे. एच किंवा २जी चा ई आला, तर आज कॉल लागत असला तरी तो उसन्या पायरीवर उभा आहे असे समजावे. वायफाय बंद करून ही चाचणी करावी, आणि आपल्याला फोन जिथे लागतो त्या सर्वांत अडचणीच्या जागी जाऊन करावी. खिडकीपाशी उभे राहून केलेली चाचणी काहीच सांगत नाही.

माझा मार्ग शेवटी कंपनी बदलण्याचा निघाला. या वेळी मी घाई केली नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या व्होल्टीच्या यादीत माझे मॉडेल होते आणि तिचा खालचा बँड ५ होता, जो अमेरिकी फोनांमध्ये सर्रास असतो. मी एका सहकाऱ्याचे त्या कंपनीचे सिम दिवसभरासाठी मागून घेतले आणि तळघरात बसून आईला फोन लावला. अकरा मिनिटे बोलणे झाले, ४जी जागेवर राहिले, रेंज उणे ९९ च्या आसपास होती. त्यानंतरच मी क्रमांक पोर्ट केला. सेटिंगमध्ये ४जी कॉलिंगचे बटण आपोआप दिसू लागले. एपीएन, म्हणजे इंटरनेट जोडणीचा पत्ता, तेवढा हाताने भरावा लागला.

५जी अजूनही मिळत नाही. या कंपनीचे ५जी एन७८ वर आहे आणि माझ्या अमेरिकी फोनमध्ये तो बँड नाही. मला त्याची उणीव फारशी भासत नाही. सिमच्या खाचेकडेही आधी पाहावे, कारण अमेरिकेत विकले जाणारे आयफोन १४ पासूनचे फोन फक्त ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या सिमवर, चालतात. *#०६# दाबल्यावर दिसणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, चोरीच्या किंवा थकबाकीच्या यादीत नाही याची खात्री जुना फोन घेताना तरी करावीच. तुर्कस्तानात तर परदेशी फोन नोंदणीशिवाय १२० दिवसच चालतो, त्यानंतर तो स्थानिक सिमसाठी बंद होतो. असे नियम जिथे आहेत तिथे फोन तीन महिने उत्तम चालणे याला काहीच अर्थ नाही.

गेल्या आठवड्यात मावसभावाने मावशीसाठी असाच एक फोन घेण्याचे ठरवले. मी त्याच्याकडून आधी खोक्यावरच्या मॉडेल क्रमांकाचे छायाचित्र मागवले. बँड जुळत होते, २८ सुद्धा होता, पण मावशीच्या कंपनीच्या व्होल्टीच्या यादीत त्या फोनचे युरोपीय रूप होते, अमेरिकी नव्हते. शेवटचे एकच अक्षर वेगळे होते. मावशीची कंपनी बदलण्याची तयारी नाही, म्हणून तो फोन घेऊ नकोस असे मी त्याला त्याच रात्री कळवले.