क्यूफील्ड अ‍ॅप: जैसलमेरला ओरणांचं मॅपिंग करायला वापरलं, त्याचा रिव्ह्यू

वाळवंटात इंटर्नशिपला निघालेली मुलं सारखं विचारतात की मॅपिंगसाठी वेगळा हँडहेल्ड जीपीएस घ्यायचा का, म्हणून एकदाच नीट लिहिते. नका घेऊ. फोनवर क्यूफील्ड टाका, दणकट पॉवर बँक घ्या आणि उरलेल्या पैशात चांगले बूट घ्या. अ‍ॅप फुकट आहे, ओपन सोर्स आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं आणि लॅपटॉपवरच्या क्यूजीआयएसमधे (नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) बनवलेला प्रोजेक्ट जसाच्या तसा फोनवर उघडतो.

मी पुण्याची, पण काम होतं जैसलमेर जिल्ह्यातल्या ओरणांचं. ओरण म्हणजे आपल्या देवराईसारखंच, देवाच्या नावाने राखलेलं रान, फक्त गर्द झाडी नाही, लांबच लांब सेवण गवत, मधे केर, बोरडी, खेजडी आणि कुठेतरी पावसाचं पाणी धरणारी नाडी. झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, गुरं-उंट चारायला मात्र मोकळीक. अडचण अशी की सरकारी कागदावर यातली बरीचशी जमीन नुसती पडीक म्हणून लागलेली असते, आणि एकदा पडीक म्हटलं की सोलर पार्क आणि हायटेन्शन लाइनी तिथेच येतात. डिसेंबर २०२४ मधे सुप्रीम कोर्टाने राजस्थानला एकेका ओरणाचं प्रत्यक्ष जागेवर जाऊन आणि सॅटेलाइटवरून मॅपिंग करायला सांगितलंय, त्यामुळे तुम्ही फोनवर काढलेली रेघ उद्या कुणाच्या तरी खूप कामाची असू शकते हे डोक्यात ठेवूनच काम करा.

आता अ‍ॅपचं. मला सगळ्यात जास्त आवडलं ते ऑफलाइन चालणं, कारण ढाण्यांच्या (वाळवंटातल्या छोट्या वस्त्यांच्या) पुढे गेलं की रेंज जातेच. बेसमॅप (मागचा तयार नकाशा) आधीच एमबीटाइल्समधे (नेटशिवाय उघडणारी नकाशाची फाइल) करून टाकला की काही अडत नाही. उघडं आभाळ असल्यामुळे अचूकता साधारण तीन ते पाच मीटर मिळते, ओरणाची हद्द चालत काढायला तेवढी पुरते. पटवारी म्हणजे आपला तलाठी, त्याच्या खसरा नकाशाची (जमिनीच्या तुकड्यांचा सरकारी नकाशा) जागा मात्र ही रेघ घेऊ शकत नाही, तसं कुणाला सांगूही नका.

दुसरं म्हणजे फॉर्म. देवनागरीत ड्रॉपडाउन बनवता येतात, मी सेवण, फोग, केर, रोहिडा, विलायती बबूल (आपल्याकडची वेडी बाभूळ) अशी यादीच टाकली होती, शिवाय फोटो त्याच पॉइंटला चिकटतो. पण खरी गंमत रिकाम्या नोट्सच्या रकान्यात आहे. आमच्याबरोबर हद्द दाखवायला एक म्हातारे मेंढपाळ यायचे, आम्ही त्यांना काकोसा म्हणायचो. ते चालताना प्रत्येक टेकाडाचं, प्रत्येक खड्ड्याचं नाव सांगायचे, इथे कुठल्या साली पाणी टिकलं, इथे कुणाची उंटीण व्यायली, आणि एका खेजडीपाशी थांबून म्हणाले की ओरण इथून वळतं, त्या विजेच्या खांबापासून नाही. सॅटेलाइट फोटोत तिथे नुसता तपकिरी पट्टा दिसतो हो! त्यांनी सांगितलं आणि मी तिथल्या तिथे टाइप केलं, त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी एक नाव दुरुस्त केलं. वहीत लिहून रात्री लॅपटॉपवर चढवलं असतं तर हे वाचून दाखवणं झालंच नसतं, आणि माझ्या मते अ‍ॅपचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

विजेच्या लाइनींसाठी वेगळी लेयर (नकाशाचा थर) ठेवा. माळढोकाला (तिथे गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी) समोरचं कमी दिसतं आणि अंगाने जड, त्यामुळे तार दिसेपर्यंत वळायला वेळच उरत नाही. म्हणून प्रत्येक खांबापाशी तारेवर बर्ड डायव्हर्टर (पक्ष्यांना तार दिसावी म्हणून लटकवलेली खूण) आहे, नाही, की तुटलाय एवढं टिपायचं. कंटाळवाणं काम आहे पण आपल्या सोलापूरच्या नान्नजच्या अभयारण्यात माळढोक कसे जवळजवळ दिसेनासे झाले ते माहीत असेल तर कंटाळा येत नाही. आणि पक्षी किंवा घरटं दिसलं तर ते लोकेशन शेअर करायच्या फाइलमधे अजिबात ठेवू नका, फोटोतलं लोकेशनसुद्धा काढून टाका.

कमी काय आहे? सुरुवात अवघड आहे. क्यूजीआयएस अजिबात येत नसेल तर प्रोजेक्ट बनवण्यातच डोकं फिरेल, त्यामुळे घरूनच सगळं सेट करून, गल्लीत चालून टेस्ट करून निघा. मोठी रास्टर फाइल (सॅटेलाइट फोटोसारखं चित्र) टाकली की साध्या फोनवर नकाशा सरकायला वेळ लागतो. क्लाउडवर सिंक करायला नेट लागतं, म्हणून रोज संध्याकाळी केबलने लॅपटॉपवर कॉपी घ्यायचीच. उन्हाचा त्रास अ‍ॅपचा नाही पण होतो, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, फोन तापून बंद पडतो आणि स्क्रीनवर काही दिसत नाही, तेव्हा जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा.

पुण्याच्या मुलांसाठी खास: आपल्याला यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडून मीटरमधे जागा मोजायची पद्धत) झोन ४३ ची सवय असते, जैसलमेर झोन ४२ मधे येतं, प्रोजेक्ट बनवतानाच ते बघा नाहीतर क्षेत्रफळाचे आकडे किंचित चुकतात. आणि बाहेरच्या लोकांचे व्हिडिओ बघून सॅटेलाइट मेसेंजर घेऊन जाऊ नका, आपल्याकडे परवानगीशिवाय तो वापरता येत नाही आणि तिथे बॉर्डर जवळ आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या सुरुवातीच्या सेटअपसाठी कापला. क्यूफील्डमधूनच नकाशाची पीडीएफ काढता येते, तर परत यायच्या आधी जैसलमेर शहरात मोठ्या कागदावर प्रिंट काढून गावात द्या, नावं देवनागरीत आणि मोठ्या अक्षरात ठेवा. फॉर्मचं टेम्प्लेट हवं असेल तर कमेंटमधे सांगा, पाठवते.