मार्गक्रमांक डोक्यावरच्या फलकावर हवा की डांबरावर?

सोलापूरला हैदराबाद, विजापूर, तुळजापूर आणि पुण्याकडचे रस्ते येऊन मिळतात. नेमका फाटा परक्या चालकाला कळावा म्हणून जी ग्रामपंचायत किंवा कारखानदारांची संघटना निवेदन देण्याच्या विचारात असेल, तिच्यापुढे दोन पर्याय असतात: रस्त्यावर आडवी कमान उभारून फलक लावणे, किंवा मार्गक्रमांक आणि बाण थेट रस्त्यावर रंगवणे.

अंतराच्या बाबतीत फलक निःसंशय सरस आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जाते, म्हणजे फाट्याच्या १०० मीटर अलीकडे सूचना दिसली, तर ती वाचून, आरशात पाहून लेन बदलायला जेमतेम साडेचार सेकंद उरतात. रस्त्यावरची अक्षरे तिरप्या कोनातून दिसत असल्याने ती प्रवासाच्या दिशेने ताणून लांबट काढावी लागतात, आणि पुढे उसाची ट्रॉली असली की तीही झाकली जातात. मात्र एक काम रंगच चांगले करतो: आपण उभे आहोत ती लेन कुठे जाते, हे तो त्या लेनमध्येच सांगतो. फलकावरचा बाण नेमका कोणत्या लेनसाठी आहे, हा गोंधळ मला अनेक फाट्यांवर दिसला आहे.

रस्त्यावर गरम करून ओतल्या जाणाऱ्या थर्मोप्लास्टिक या रंगाच्या जाड थरात काचेचे बारीक मणी असतात व ते हेडलाइटचा प्रकाश चालकाकडे परत पाठवतात. पावसात पाण्याचा थर साचला की हा परतावा मंदावतो, आणि ओल्या रंगावरून दुचाकी घसरण्याचा धोका असतो. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती अक्षरांवर बसते. काँक्रीटवर पांढरा रंग उठून दिसत नाही. तिथे काळी किनार मागावी.

क्रमांक की गावाचे नाव, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय महामार्गांच्या क्रमांकांच्या २०१० च्या फेररचनेत जुना ९ क्रमांकाचा पुणे-हैदराबाद मार्ग ६५ झाला आणि विजापूरचा १३ व धुळ्याचा २११ हे दोन्ही ५२ मध्ये गेले. सम क्रमांक उत्तर-दक्षिण, तर विषम पूर्व-पश्चिम मार्गांना मिळाले. सोलापूरकर आजही ‘विजापूर रोड’च म्हणतो. परंतु तेलंगणा किंवा कर्नाटकातून आलेल्या ज्या चालकाला देवनागरी वाचता येत नाही, त्याला इंग्रजी आकड्यांतला क्रमांक मात्र लगेच कळतो. म्हणून नावे फलकावर आणि क्रमांक व बाण रस्त्यावर, अशी विभागणी मी सुचवेन. पैसा एकाच गोष्टीपुरता असेल, तर आधी फलकच मागावा.

बाहेर पडण्याच्या वाटांना क्रमांक द्यायचे झाल्यास ते ओळीने न देता किलोमीटरनुसार द्यावेत, कारण मध्ये नवी वाट झाली तरी बाकीचे आकडे बदलावे लागत नाहीत.

डांबराचा नवा थर पडला की खालचा रंग पूर्ण झाकला जातो, त्यामुळे पुन्हा रंगवण्याचे काम त्याच निविदेत धरावे, हे निवेदनात स्पष्ट लिहावे.