‘एच६१ ०’ मधली मोकळी जागा मला ४,९७० रुपयांना पडली

आधी आकडे लिहितो, म्हणजे ‘थोडक्यात वाचलात’ म्हणून कोणी समजूत घालायला येणार नाही. बुकिंगचे ५०० यूपीआयने, कुरिअरवाल्याच्या हातात ४,३५० रोख, वर ‘हॅण्डलिंग’चे १२०. एकूण ४,९७० रुपये. बदल्यात एच६१० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावर काय चालेल ते ठरवणारी चिप) नवा मदरबोर्ड यायचा होता. आला एच६१. म्हणजे २०११ सालचा चिपसेट, डीडीआर३ रॅमचा. आणि टेबलावर भाचीसाठी घेतलेला नवाकोरा आय३-१२१०० (इंटेलचा बाराव्या जनरेशनचा प्रोसेसर) आणि डीडीआर४ ची १६ जीबी रॅम. दोन्हींपैकी एकही त्यात बसत नाही.

बजेटमध्ये पीसी जमवणाऱ्याचं गणित तुम्हाला ठाऊक आहेच. प्रोसेसर ठरलेला, रॅम आणि एसएसडीत फारशी घासाघीस होत नाही, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) स्वस्तातला घेऊ नकोस असं जो तो बजावतो. मग कात्री लागते ती मदरबोर्डला. दुकानात साधा एच६१० मला ६,२०० ला सांगितला होता, ऑनलाइन जाहिरातीतला हा विक्रेता ४,८५० ला देत होता. फरक १,३५० चा. अडीच हजारांत देतो म्हणाला असता तर मी लगेच सावध झालो असतो. किती कमी सांगितलं की गिऱ्हाईक बिचकत नाही, हे त्या माणसाला बरोबर कळत होतं.

जाहिरातीचं शीर्षक होतं ‘एच६१ ० एनव्हीएमई मदरबोर्ड, सीलबंद, ३ वर्षं वॉरंटी’. एक आणि शून्य यांच्यामध्ये मोकळी जागा. ती मी पाहिली होती, आणि हेच आता रात्री डोक्यातून जात नाही. पाहिली, आणि टायपिंग असंच असतं या लोकांचं म्हणून पुढे गेलो. पण मला सांगा, अशा जाहिरातीत शुद्धलेखन कोण तपासतं? ‘मदर बोड’ लिहिणाऱ्याकडूनही मी खणखणीत माल घेतलेला आहे. शिवाय चॅटवर सरळ विचारलं होतं, बारावी जनरेशन चालेल ना? उत्तर आलं, ‘सब चलेगा सर.’ यापुढे माणसाने अजून काय विचारायचं?

विचारायचं होतं ते सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेचं. फोटोत सॉकेटवर काळं झाकण होतं, पण आकार दिसत होता. एलजीए१७०० चा, म्हणजे आय३-१२१०० सारखा, प्रोसेसर ३७.५ बाय ४५ मिलिमीटरचा, म्हणून त्याचं सॉकेट लांबट असतं. एच६१ वरचं एलजीए११५५ चौरस. फोटो मुद्दाम तिरका काढलेला, त्यात सगळंच लांबट दिसतं. मी पेंटियमच्या काळापासून पीसी जोडतोय, सोसायटीतले निम्मे माझ्या हातचे आहेत, फक्त १७०० कधी हाताळला नव्हता. भाचीने खोका उघडला आणि म्हणाली, ‘मामा, हे चौरस कसं?’ मी तिला म्हणालो, नवीन डिझाइन असेल. तिने रॅमच्या स्लॉटशेजारी छापलेलं ‘डीडीआर३’ बोटाने दाखवलं आणि गप्प बसली. पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

एनव्हीएमई (वेगवान एसएसडीचा प्रकार) या शब्दाला भुलू नका. एच६१ मध्ये मुळात यूएसबी ३.० नाही, साटाचा, म्हणजे डिस्क लावायच्या जोडणीचा, वेगही सेकंदाला ३ गिगाबिटच. त्यावर एम.२ चा, म्हणजे अशी एसएसडी लावायचा, स्लॉट बसवून बिननावाचे बोर्ड बनतात, आणि स्लॉट दिसला की बोर्ड नवा वाटतो. आता, हे बोर्ड विकणं म्हणजेच लबाडी असं मी म्हणत नाही. घरात जुना आय५-३४७० आणि डीडीआर३ पडून असेल तर जरूर घ्या. पण त्यावर अधिकृतपणे विंडोज ११ चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हे न सांगता ‘नवा’ म्हणून गळ्यात मारणं ही लबाडी.

विक्रेत्याला लिहिलं तर म्हणतो, ‘सर, एच६१ ही लिखा है. जीरो मतलब जीरो यूज.’ आणि ब्लॉक.

बिल खोक्यातच होतं. त्यावरचा जीएसटी नंबर मी नंतर मोजला, १४ अक्षरं. असतात १५. पैसे देण्याआधी बिलाचा फोटो मागवा, नंबर जीएसटी पोर्टलवर घालून बघा, आणि बिलावर बोर्डाचा सीरियल नंबर नसेल तर तीन वर्षांच्या वॉरंटीला काही अर्थ नाही.

कुरिअरवाला पैसे मोजून घेतल्याशिवाय खोक्याला हात लावू देत नाही. मग कसली कॅश ऑन डिलिव्हरी? त्यांच्या ऑफिसात उत्तर मिळालं, आम्ही फक्त खोका पोचवतो. जाहिरातीची साइट म्हणते, व्हिडिओत सील कापताना दिसत नाही. नाही दिसत, कारण टेप कापून झाल्यावर भाचीने मोबाइल धरला. (तुम्ही आधी धरा, पत्त्याच्या लेबलापासून.) २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. पोच आली, यंत्राने पाठवलेली. त्यानंतर शुकशुकाट. बँकेतली बाई म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय ना?

आणि चौकीत तर कहर. ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?’ मी म्हणालो, साहेब, दुसरीच वस्तू मिळाली. ‘कॉम्प्युटरचीच आहे ना?’ पूर्वीचं चारशेवीस आता न्याय संहितेत कलम ३१८ झालंय, तेही मीच सांगायचं. मग, पाच हजारांच्या आतलं प्रकरण आहे, पार्टीशी बोलून मिटवा. कुठल्या पार्टीशी? पार्सलवरच्या पत्त्यावर त्या नावाचा कोणी नाही. अर्जावर पोचेचा शिक्का मागितला तर झेरॉक्स आणा. झेरॉक्स आणली तर शिक्का ज्यांच्याकडे ते बंदोबस्तावर. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, हे खरं. पण नोटीस पाठवायला विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो आणि तो शोधायचा मी. म्हणजे चोर मीच पकडायचा आणि मीच घेऊन जायचा.

यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, चौकीत बाकावर बसून वेळ घालवू नका. बुकिंगच्या नावाखाली एक रुपयाही आधी देऊ नका. ५०० गेले की उरलेल्यांसाठी आपणच घाई करतो.

त्याच माणसाची दुसऱ्या नावाने नवी जाहिरात लागली आहे. टेबलावरचं फुलांचं मेणकापड तेच, फोटो तसाच तिरका. शीर्षक ‘एच८१ ०’, किंमत ५,२००. एच८१० हा २०२५ चा खराखुरा चिपसेट आहे, एलजीए१८५१ आणि डीडीआर५ वाला. एच८१ मात्र २०१३ चा, डीडीआर३ चा. मी साइटवर रिपोर्ट केलाय, जाहिरात अजून तशीच आहे.