गोव्यासाठी ६२ इंची टेकडाऊन धनुष्य: कमी पैशांत काय घ्यावे, काय सोडावे

ऑनलाइन दुकानांत ‘हंटिंग बो’ या नावाने जे साधे लाकडी टेकडाऊन (भाग सुटे करता येणारे) रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य मिळते, ते गोव्यात नेमबाजी शिकणाऱ्या माणसासाठी कमी पैशांतली सर्वांत भरवशाची वस्तू आहे. नाव शिकारीचे असले तरी ते घ्यायचे टार्गेटसाठीच. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि शिकारीचा प्रयत्नसुद्धा त्या कायद्यात शिकारच ठरतो. सत्तरीत किंवा सांग्यात बागायतीत डुक्कर शिरते म्हणून कोणी धनुष्य घेणार असेल, तर हा लेख त्याच्यासाठी नाही. त्याने वन खात्याकडे जावे.

मग शिकाऱ्यांचा माल का सुचवतो? कारण तो पावसापाण्यात, चिखलात वापरायचा म्हणूनच बनवलेला असतो. त्याला चाके नाहीत, केबल नाहीत, साइट (नेम धरायची खूण) नसली तरी चालते. मध्ये हातात धरायचा लाकडी रायझर, वर-खाली वाकणारे दोन लिम्ब, ते बसवायला हाताने फिरवायचे दोन बोल्ट आणि एक दोरी, एवढाच संसार. जून ते सप्टेंबर सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस कोसळणाऱ्या आणि उरलेल्या वर्षातही खारी हवा असणाऱ्या मुलखात सुटे भाग जितके कमी तितके बरे. स्वस्त कंपाउंड (चाके आणि केबलचे) धनुष्य नेमके इथेच मार खाते. त्याच्या चाकांचे लोखंडी आस गंजतात, आणि दोरी बदलायची तर बो प्रेस (लिम्ब दाबून धरणारे यंत्र) लागतो, जो घरात नसतो. इंडियन राउंड या देशी स्पर्धाप्रकाराचे बांबू-लाकडाचे धनुष्य याहून स्वस्त पडते आणि ३० व ५० मीटरच्या स्पर्धेसाठी तेच लागते. पण उघडे लाकूड पावसाळ्यात ओल शोषते, नरम पडते आणि हळूहळू वाकलेलेच राहते. ज्याला स्पर्धाच खेळायची आहे त्याने ते जरूर घ्यावे आणि पावसाळ्यात जास्त जपावे. बाकीच्यांनी फायबरग्लासचा थर दिलेले लिम्बच बघावेत.

या प्रकारातला जगभर गाजलेला नमुना म्हणजे सॅमिक सेज: ६२ इंच लांबी, मेपल आणि फायबरग्लासचे लिम्ब, दोरी ओढायला लागणारी ताकद २५ ते ६० पाउंडांपर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने. त्याच धाटणीची अनेक धनुष्ये आज बाजारात आहेत. मोठा फायदा हा की रायझर तोच ठेवून पुढे फक्त लिम्ब बदलता येतात. मात्र सगळ्या कंपन्यांचे लिम्ब एकमेकांना बसत नाहीत. जो रायझर घ्याल त्याचे सुटे लिम्ब मिळतात ना, हे आधी विचारा.

आता पाउंडांचे. सगळ्यांत जास्त पैसे इथेच वाया जातात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीला धनुष्याच्या किमान ताकदीची अट असते, म्हणून ‘हंटिंग’ नावाखाली ४५-५० पाउंडांचे धनुष्य पुढे केले जाते. शिकणाऱ्याने ते अजिबात घेऊ नये. मोठ्या माणसाने २५ ते ३०, मुलांनी १६ ते २०. धनुष्य पूर्ण ओढून दहा सेकंद स्थिर धरा आणि असे तीनदा करा. तिसऱ्या वेळी हात थरथरला तर ते जड आहे. जड धनुष्याने खांदा वर चढतो, बोटे दोरी नीट सोडण्याऐवजी झटका देतात, आणि एकदा लागलेली ही खोड जाता जात नाही.

लिम्बवर लिहिलेले पाउंड २८ इंच ओढीला (दोरी किती मागे ओढली जाते ते अंतर) मोजलेले असतात. आपली ओढ किती, याचा सोपा अंदाज असा: दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत माप घ्या आणि अडीचने भागा. १७० सेंटिमीटर आले तर ६८ सेंटिमीटर, म्हणजे पावणेसत्तावीस इंच. ओढ एका इंचाने कमी झाली की साधारण दोन पाउंड कमी होतात. त्यामुळे ३० पाउंडांचे धनुष्य अशा माणसाच्या हातात २७-२८ पाउंडांचेच असते. बाण याच आकड्यावरून निवडायचा असतो.

उजव्या-डाव्याचा घोळही होतो. ‘राइट हँड’ म्हणजे उजव्या हाताने दोरी ओढायची, धनुष्य डाव्या हातात.

पैसे कुठे टाकायचे असे कोणी विचारले तर आमचे उत्तर एकच: बाणांत. मध्यम धनुष्य आणि एकसारखे बाण यांचा मारा एकमेकांजवळ पडतो. महाग धनुष्याला वेगवेगळ्या वजनाचे बाण जोडले तर तसा कधीच पडत नाही. शंभर रुपयांतले पन्नास-पंचावन्न धनुष्याला, तीसेक बाणांना आणि उरलेले दोरी, स्ट्रिंगर (दोरी चढवायचे साधन), टॅब (बोटांचे कवच), आर्म गार्ड (हाताचे कवच) यांना, असा हिशेब ठेवा. सेटमध्ये फुकट येणारे फायबरग्लासचे बाण बाजूला काढा. ते जड असतात, आणि फुटले की त्यांचे बारीक तंतू बोटात शिरतात. लाकडी बाण दिसायला देखणे, पण आपल्या दमट हवेत वाकतात. सरळ कार्बनचे आठ बाण घ्या. सहावर भागते, पण एखादा गडग्यावर आपटून फुटणारच.

बाणाच्या नळीवरचा ५००, ७०० असा आकडा म्हणजे स्पाइन. २८ इंचांवर टेकवलेल्या बाणाच्या मध्ये १.९४ पाउंडांचे वजन टांगले की तो इंचाच्या किती हजारांश वाकतो, ते माप. आकडा मोठा तितका बाण लवचीक. हातात येणारे वजन २५ पाउंडांच्या आसपास असेल तर ८०० ते १०००, तीसला ७००, पस्तीसला ६००, चाळीसच्या पुढे ५००, असा ढोबळ हिशेब चालतो. इथे स्वस्त माल हमखास फसवतो. ‘कुठल्याही धनुष्याला चालेल’ म्हणून सरसकट ५००चेच बाण विकतात. २८ पाउंडांच्या धनुष्यावर ५००चा बाण लाकडाच्या दांड्यासारखा ताठ राहतो आणि उजव्या हाताच्या माणसाचा मारा सतत डावीकडे जातो. शिकणारा स्वतःला दोष देत राहतो, आणि चूक असते बाणाची. बाण आपल्या ओढीपेक्षा दीड-दोन इंच लांब ठेवा, पुढे १०० किंवा १२५ ग्रेन (वजनाचे बारीक माप) वजनाचे स्क्रूचे फील्ड पॉइंट, म्हणजे सरावाची टोके, लावा. तेही लोखंडीच असतात. आठवड्यातून एकदा मशीन ऑइलच्या फडक्याने पुसले तर गंजत नाहीत. ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचे धारदार टोक, मात्र घेऊच नका. टार्गेटच्या चिंध्या होतात आणि इथे त्याचा काडीचा उपयोग नाही.

बाणाच्या मागे पिसे की प्लास्टिकचे व्हेन (पाती)? पीस रायझरच्या खाचेवर दबून निघून जाते, म्हणून बाण थेट खाचेवर ठेवायचा तर पीसच हवे. पण आषाढातल्या एका सरीत ते चिकटून बसते, आणि पेटीत राहिले तर त्याला कसर लागते. पेटीत कापूर ठेवा. व्हेनला पाण्याचे काही नाही, मात्र त्याला वर उचललेली प्लास्टिकची रेस्ट (बाण टेकवायचा आधार) लागते. ही चिकटवायची रेस्ट अगदी स्वस्त मिळते. पावसात तिचा गोंद सुटतो, तेव्हा जागा आधी स्पिरिटने पुसून कोरडी करा आणि एक जादा आणून ठेवा. गोव्यात वर्षभर सराव करायचा असेल तर आमचा कौल व्हेन आणि रेस्टलाच.

दोरी डॅक्रॉनची (थोडा ताणणारा पॉलिएस्टर धागा) घ्या. फास्ट फ्लाइटची (कमी ताणणाऱ्या धाग्याची) दोरी वेग वाढवते, पण लिम्बची टोके मजबूत केलेली नसतील तर ती टोकांत रुतते आणि एक दिवस टोक चिरते. ६२ इंची धनुष्याला प्रत्यक्षात ५८-५९ इंचांची दोरी लागते. नवी डॅक्रॉन पहिल्या शंभरेक बाणांत ताणते. चढवलेली दोरी आणि ग्रिपचा (मुठीचा) खोलगट भाग यांतले अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, साडेसात ते सव्वाआठ इंच हवे. ते कमी झाले की दोरी उतरवून चार-पाच पीळ द्या आणि पुन्हा मोजा. कमी ब्रेस हाइटला दोरी मनगटावर बसते आणि धनुष्य खणखणते. भिजलेली दोरी जड होते आणि बाण खाली पडतो, म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मेण चोळा. बोटाने चोळत राहा, दोरी कोमट झाली की मेण आत जिरते.

स्ट्रिंगर सेटमध्ये नसेल तर वेगळा घ्या, पण त्याच्याशिवाय धनुष्य चढवू नका. पाय घालून वाकवले की लिम्ब पिळतो आणि पिळलेला लिम्ब क्वचितच सरळ होतो. खालच्या टोकाला स्ट्रिंगरची पिशवी, वरच्या लिम्बवर रबराचा तुकडा, पायाखाली दोरा, मग ग्रिप वर उचलायची. चढवल्यावर दोन्ही टोकांकडून दोरी लिम्बच्या मधोमध दिसते का, ते पाहा. नव्या मालात ती एका बाजूला सरकलेली दिसली तर त्याच दिवशी परत पाठवा. कापसाचा बोळा लिम्बच्या कडांवरून फिरवा; जिथे तंतू अडकेल तिथे फाट आहे. बोल्ट हातानेच घट्ट करा, पकडीने आवळले तर रायझरमधल्या आट्या जातात. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. ती सगळी ताकद लिम्बमध्येच फुटते.

नॉकची (बाणाची मागची खाच दोरीवर बसते त्या जागेची) पितळी कडी, रेस्टपासून दोरीला काटकोनात जाणाऱ्या रेषेपासून ८ ते १२ मिलीमीटर वर बसवा. मग १५ मीटरवरून पिसे लावलेले तीन आणि न लावलेला एक बाण मारा. उजव्या हाताच्या माणसाचा बिनपिसाचा बाण डावीकडे गेला तर स्पाइन ताठ, उजवीकडे गेला तर लवचीक. खाली लागला तर कडी जास्त वर बसली आहे, वर लागला तर जास्त खाली. ताठ बाणाला जड पॉइंट लावून बघा, नवे बाण घेण्याआधी हा उपाय स्वस्त.

टॅब चामड्याचा असेल तर पावसाळ्यात बुरशी धरतो, सिंथेटिक घ्या. स्टॅबिलायझर, क्लिकर, महागडी साइट पहिल्या वर्षी नकोच.

टार्गेट घरीच होते. तांदळाची ५० किलोंची प्लास्टिकची गोणी घ्या, जुने कपडे बटणे आणि चेन काढून ठासून भरा, मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांचे थर द्या. पायाने दाबून आणखी मावेनासे झाले की शिवा. सैल गोणीतून ३० पाउंडांचा बाणसुद्धा पार जातो. पेंढ्याचे टार्गेटही चालते, पण ते किमान हातभर जाड आणि दोरीने करकचून आवळलेले हवे. गोणी जमिनीवर ठेवली की आठ दिवसांत वाळवी येते. खाली दोन चिरे द्या, वर प्लास्टिक घाला.

मागे चिऱ्यांचा गडगा असेल तर टार्गेट तिथे लावू नका. चुकलेला कार्बन बाण जांभ्यावर आपटतो आणि त्याला डोळ्यांनी न दिसणारी चीर पडते. पुढच्या वेळी सोडताना तोच बाण फुटून धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. मागे मातीचा बांध असावा, नाहीतर जाड जुनी जाळी सैल सोडावी. कुळागरात माड-पोफळींमध्ये उभे राहू नये. खोडात रुतलेल्या बाणाचा पॉइंट तिथेच राहतो, आणि झाडांमागून येणारा माणूस दिसत नाही. आपटलेला प्रत्येक बाण चेहऱ्यापासून दूर धरून दोन्ही हातांनी हलकेच वाकवा, फिरवत चार बाजूंनी. कट असा आवाज आला की तो तिथल्या तिथे मोडून टाका, म्हणजे चुकूनही परत दोरीवर चढणार नाही.

घरी आल्यावर दोरी उतरवा, धनुष्य कोरड्या फडक्याने पुसा आणि दोन खुंट्यांवर आडवे ठेवा. कोपऱ्यात उभे केले की खालचा लिम्ब पिळतो. उन्हात उभ्या गाडीत तर अर्धा तासही ठेवू नका, लिम्बचे थर धरून ठेवणारा गोंद नरम पडतो.