एसआयएस, एसईबीएस की व्हिनाइल-एसआयएस? थरथर गिळणारी पट्टी बनवणाऱ्यांसाठी

रबाळे एमआयडीसीत ओळखीचा एक उद्योजक आहे. एसीच्या आउटडोअर युनिटचा पत्रा थरथरू नये म्हणून आतून चिकटवायच्या पट्ट्या तो बनवतो. मध्यंतरी त्याचा फोन आला. "सर, पट्टी मे महिन्यात घसरते आणि जानेवारीत सुटते. मधले तीन-चार महिने तेवढी बरी चालते." तीन पुरवठादारांनी त्याला एसआयएस, एसईबीएस आणि व्हिनाइल-एसआयएस असे तीन पॉलिमर सुचवले होते, आणि प्रत्येकाच्या मते आपलाच माल बरोबर. तुम्हीही याच पेचात असाल तर त्याला जे सांगितलं तेच इथे मांडतो.

तिन्हींची बांधणी एकच आहे. साखळीच्या दोन्ही टोकांना कडक पॉलिस्टायरिन, मध्ये रबर. टोकं एकत्र येऊन काही नॅनोमीटरच्या गाठी बांधतात, त्यामुळे गंधक घालून पक्कं न करताही रबर एकसंध राहतं. माल वितळवायच्या किटलीत तापवलं की गाठी सुटतात, गार झालं की पुन्हा बसतात. खरा फरक आहे तो मधल्या रबरात, आणि मुख्यतः त्याच्या टीजीत, म्हणजे ज्या तापमानाखाली रबर काचेसारखं कडक होतं त्यात.

इथेच सगळी गोम आहे. थरथर गिळायची ताकद, म्हणजे टॅन डेल्टा, टीजीच्या थोडं वर शिखरावर असते. तिथे पदार्थ ना धड काच, ना धड रबर, म्हणूनच तो ऊर्जा खातो. पण चिकटायला पदार्थ मऊ लागतो. डॅलक्विस्ट यांचा जुना निकष सांगतो की 1 हर्ट्झला मॉड्युलस, म्हणजे पदार्थाचा ताठपणा, साधारण 3 लाख पास्कलच्या खाली असेल तरच हलक्या दाबाने पट्टी धरते. शिखराच्या आसपास तो बहुधा याच्या कितीतरी वर असतो. तेव्हा दोन्ही कामं एकाच थराकडून, एकाच तापमानाला मागितली की एक काम हमखास बिघडतं.

एसआयएस, म्हणजे स्टायरिन-आयसोप्रिन-स्टायरिन, सगळ्यांना माहीत आहे. मधलं पॉलिआयसोप्रिन मऊ, टीजी उणे 60 अंशांच्या आसपास, त्यामुळे टॅक, म्हणजे हात लावताच जाणवणारा चिकटपणा, उत्तम. त्यात सी-5 रेझिन, म्हणजे चिकटपणा वाढवणारी पेट्रोलियमची राळ, घातलं की टीजी वर सरकतो. रेझिनचा टीजी 45 अंश धरा आणि रबराइतकंच वजन घ्या, तर मिश्रणाचा टीजी काढायच्या फॉक्सच्या सूत्राने मिश्रणाचा टीजी उणे 18 च्या जवळपास येतो. चिकटायला फारच छान. पण भर दुपारी घोडबंदर रोडच्या एखाद्या इमारतीच्या ग्रिलवर तापलेल्या, हात न टिकणाऱ्या पत्र्याला हे शिखर फार मागे राहिलं. पट्टी चिकटलेली असते, पत्रा गुणगुणत असतो. टॅक वाढवायला डायब्लॉक, म्हणजे एकाच टोकाला पॉलिस्टायरिन असलेल्या साखळ्या, जास्त असलेली ग्रेड घेतलीत तर उन्हात घसरण आणखी वाढेल, कारण एकच टोक असलेली साखळी दोन गाठींना जोडत नाही. आणखी एक खोड अशी की जुनं झालं की एसआयएसच्या साखळ्या तुटतात आणि माल चिकट लापशीसारखा होतो. आयसोप्रिनऐवजी ब्युटाडाइन असलेलं एसबीएस उलट कडक होतं. किटलीत तासन्‌तास तापत ठेवणाऱ्यांनी अँटिऑक्सिडंटवर काटकसर करू नये.

एसईबीएसबद्दल, म्हणजे स्टायरिन-इथिलीन-ब्युटिलीन-स्टायरिनबद्दल, थोडक्यात. हायड्रोजन घालून मधले दुहेरी बंध संपवलेले, म्हणून ऊन, ओझोन, उष्णता यांत टिकतं. महाग. मधलं रबर ताठ पडतं, त्यामुळे टॅकसाठी तेल आणि रेझिन भरपूर घालावं लागतं, आणि तेल जास्त झालं की ते पत्र्यावर झिरपतं. थरथरीसाठी मुद्दाम घ्यावं असं त्यात काही नाही, कारण टीजी एसआयएससारखाच खोल. पट्टी उघड्यावर उन्हात राहणार असेल तरच याचा विचार करा.

व्हिनाइल-एसआयएस हा वेगळाच प्राणी आहे. पॉलिमरायझेशन करताना ध्रुवीय पदार्थ घातला की आयसोप्रिन नेहमीच्या 1,4 ऐवजी 3,4 पद्धतीने जोडलं जातं. मग साखळीच्या बाजूला फांद्या लटकतात, साखळीला वळायला जड जातं, आणि टीजी उणे 60 वरून शून्याच्या आसपास, काही ग्रेडमध्ये त्याच्याही वर येतो. कुरारे या जपानी कंपनीची हायब्रार मालिका याच जातीची. आता थरथरीच्या वारंवारितेचा हिशेब धरा. ती दहापट झाली की शिखर साधारण 5 ते 8 अंश वर जातं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यावर थेट चालणारा दोन पोलचा कॉम्प्रेसर मिनिटाला तीन हजारांच्या थोडा खाली फिरतो, म्हणजे थरथर 48-49 हर्ट्झची. 1 हर्ट्झला मोजलेलं शिखर तिथे दहा-बारा अंश वरच धरा. इन्व्हर्टर एसीत वेग बदलता असतो, तिथे अरुंद शिखराची ग्रेड कामाची नाही. पुरवठादाराचा आलेख 1 हर्ट्झचा की 10 चा, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि याची अडचण? जानेवारीतल्या पहाटे ती पट्टी काचेकडे झुकते आणि सुटते. गंमत अशी की तेव्हा एसी बंद असतो, डॅम्पिंगची, म्हणजे थरथर गिळण्याची, गरजच नसते, चिकटण्याची मात्र असते. म्हणून मी त्याला दोन थर सुचवले. पत्र्याच्या बाजूला एसआयएसचा पातळ थर, त्यावर व्हिनाइल-एसआयएसचा जाड गाभा, आणि सगळ्यात वर ॲल्युमिनियमची फॉइल. फॉइल नसेल तर पट्टी पत्र्याबरोबर नुसती ताणली जाते. फॉइल असली की गाभा कातरला जातो आणि ऊर्जा तिथे उष्णता होऊन संपते. पत्र्याकडचा थर मात्र पातळच ठेवा, नाहीतर सगळी कातर त्याच मऊ थरात होईल आणि महागडा गाभा नुसता बसून राहील. एका थरातलं तेल दुसऱ्यात जाऊ नये म्हणून पत्र्याकडच्या थरात तेल कमीत कमी.

नुसती किंमतच बघायची असेल तर ब्यूटिल रबराची पट्टी आहेच. शिखर पसरट, पाण्याला बेफिकीर, पावसाळ्यात उत्तम. पण कापताना चाकूला चिकटते आणि सततचा भार आला की हळूहळू ओघळते.

तो म्हणाला, "सर, दोन थर म्हणजे कोटिंगच्या दोन फेऱ्या." हो, खर्च वाढतोच. मी त्याला व्हिनाइलची एकच गोणी मागवायला सांगितली. तीन पत्रे तयार करायचे. एक घणसोलीच्या गच्चीवर, एक कारखान्यात, एक फ्रीजमध्ये. आठवड्याने फ्रीजमधला पत्रा बाहेर काढून लगेच हातोडीने ठोकायचा आणि पट्टीची कड उचलली का ते बघायचं. गच्चीवरचा दुपारी दोनला ठोकायचा, आणि तिथे पत्रा घंटेसारखा वाजतो की मुका राहतो ते कानाने ऐकायचं.